इसाक लेवितान : पानगळीचे रंग आणि प्रतीकाचा प्रश्न

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत रशियन निसर्गचित्राला जे वळण मिळाले, त्याचा विचार इसाक लेवितान (१८६०–१९००) याला वगळून करता येत नाही. भाववृत्तीचे निसर्गचित्र ही संज्ञा रशियन कलासमीक्षेत रूढ झाली ती प्रामुख्याने त्याच्या चित्रांच्या आधाराने. त्याचे ‘सोनेरी पानगळ’ (१८९५) हे चित्र तर रशियात इतके सर्वपरिचित झाले की शाळकरी मुलांच्या अनेक पिढ्यांनी त्यावर निबंध लिहिले. जे चित्र निबंधाचा विषय होते त्याचा अर्थ हळूहळू ठरून जातो, आणि अर्थ ठरून गेला की पाहणे थांबते. लेवितानच्या चित्रांबाबत अर्थनिर्णयाच्या अशा दोन सवयी दृढ झालेल्या दिसतात. पानगळ म्हणजे ऱ्हास, वियोग, मृत्यू असे समीकरण मांडून चित्रातील प्रत्येक झाडाला प्रतीकाचा दर्जा देणे, ही एक. चित्रकाराचे आयुष्य दुःखाचे होते, म्हणून त्याची चित्रेही त्या दुःखाची रूपे होत असे मानणे, ही दुसरी. या दोन्ही सवयींना त्याच्या चरित्रात आधार सापडतो असे वरवर पाहता वाटते. ते चरित्र सालवार आणि चित्रांशेजारी ठेवून वाचले, तर मात्र हा आधार पुष्कळच डळमळीत होतो.

लेवितानचा जन्म ३० ऑगस्ट १८६० रोजी रशियन साम्राज्याच्या पश्चिम सीमेवरील किबार्ती या गावी झाला. हे ठिकाण आज लिथुआनियात आहे. कुटुंब ज्यू, सुशिक्षित आणि गरीब. वडील भाषा शिकवीत आणि रेल्वेपुलाचे बांधकाम करणाऱ्या एका फ्रेंच कंपनीकडे त्यांनी दुभाष्याचे कामही केले. १८७० च्या सुमारास हे कुटुंब मॉस्कोला आले. १८७३ मध्ये, म्हणजे वयाच्या तेराव्या वर्षी, इसाकने मॉस्कोच्या चित्र, शिल्प व वास्तुकला विद्यालयात प्रवेश घेतला. थोरला भाऊ त्याच्याआधीच तेथे दाखल झालेला होता. १८७५ मध्ये आई गेली, १८७७ मध्ये वडील. सतराव्या वर्षी पोरक्या झालेल्या या मुलाची शुल्कमाफी विद्यालयाने त्याच्या गरिबीकडे आणि गुणवत्तेकडे पाहून मंजूर केली. राहण्याचे ठिकाण मात्र नव्हते, आणि कित्येक रात्री त्याने विद्यालयाच्या इमारतीतच काढल्या. या वर्षांविषयी तो पुढे फारसे बोलत नसे. चरित्रकारांनी ती पोकळी करुणरसाने भरून काढली आहे. तिची येथे पुनरावृत्ती करण्याचे प्रयोजन नाही.

अधिक महत्त्वाचे आहे ते अलेक्सेय सव्रासोव्हच्या वर्गात त्याला मिळालेले शिक्षण. सव्रासोव्हचे ‘कावळे परतले’ हे १८७१ चे चित्र रशियन निसर्गचित्राच्या इतिहासात एक टप्पा मानले जाते. वितळू लागलेला मळकट बर्फ, वाकडीतिकडी भूर्जझाडे, त्यांवरची घरटी आणि मागे एका सामान्य गावातले चर्च, एवढाच त्याचा ऐवज. इटलीतील भग्नावशेष किंवा आल्प्सची शिखरे यांवाचून निसर्गचित्र भव्य होत नाही, ही अकादमीची समजूत या चित्राने निकालात काढली. सव्रासोव्ह विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर नेई आणि साध्या, दुर्लक्षित जागांपुढे उभे करी. पुढे मद्याच्या आहारी गेल्याने त्याला १८८२ मध्ये विद्यालय सोडावे लागले. १८९७ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्यावर मृत्युलेख लिहिणारा लेवितानच होता. व्हासिली पोलेनोव्ह या दुसऱ्या शिक्षकाकडून त्याने उजेडातला शुद्ध रंग घेतला. त्या संस्काराचे फळ पुढे १८९५ मध्ये दिसणार होते.

एप्रिल १८७९ मध्ये सोलोव्योव्ह नावाच्या तरुणाने झार दुसरा अलेक्झांडर याच्यावर गोळ्या झाडल्या. हल्लेखोर ज्यू नव्हता. तरी त्यानंतर ज्यूंना मॉस्कोतून हुसकावण्यात आले. लेवितानला भावंडांसह शहराबाहेर साल्तिकोव्का येथे आसरा घ्यावा लागला. त्याच वर्षी त्याने ‘पानगळीचा दिवस : सोकोल्निकी’ हे चित्र काढले. सोकोल्निकी हे मॉस्कोच्या कडेचे उद्यान. चित्र लहान आणि उभे आहे. ढगाळ आकाशाखाली उंच, काळपट पाइनवृक्षांच्या दोन भिंती. त्यांच्या पायथ्याशी वाटेच्या दोन्ही बाजूंनी लावलेली पिवळी पडलेली कोवळी मेपलची झाडे. कडेला एक रिकामे बाक. आणि वळण घेत दूर जाणाऱ्या वाटेवरून आपल्या दिशेने येणारी काळ्या वेषातली एकटी स्त्री. पावेल त्रेत्याकोव्ह या विख्यात संग्राहकाने १८८० मध्ये हे चित्र शंभर रूबलला विकत घेतले. एका विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही केवळ आर्थिक मदत नव्हती. पुढे राष्ट्रीय ठरलेल्या संग्रहात त्याला वयाच्या विसाव्या वर्षी मिळालेला तो प्रवेश होता.

प्रतीकाच्या शोधात निघालेल्या वाचकाला हे चित्र फार सोयीचे वाटते. काळा वेष म्हणजे शोक, पानगळ म्हणजे सरते आयुष्य, रिकामे बाक म्हणजे विरह, आणि या सर्वांमागे हद्दपारीचे अपमानित तारुण्य, अशी मांडणी सहज करता येते. एका गोष्टीने ती अडते. ती स्त्री लेवितानने रंगवलेलीच नाही. त्याचा सहाध्यायी निकोलाय चेकॉव्ह, म्हणजे लेखक अंतोन चेकॉव्हचा भाऊ, याने ती आकृती चित्रात घातली. म्हणजे चित्रातले जे सर्वांत बोलके प्रतीक मानले जाते, ते दुसऱ्याच्या कुंचल्यातून आलेले आहे. यामुळे ती आकृती निरर्थक ठरते असे नव्हे. चित्रात आल्यावर ती चित्राचीच झाली. परंतु चित्रातील उदासी तिच्यावर अवलंबून आहे काय, हे तपासण्याची संधी या माहितीमुळे मिळते. बोटाने ती आकृती झाकून पाहिली तरी वाट वळतेच. पाइनच्या गडद उंचीपुढे मेपलची पिवळी रोपे ठेंगणी आणि नव्याने आलेल्यांसारखी दिसतच राहतात, ढग वाटेच्याच दिशेने सरकताना जाणवतात. चित्राची भाववृत्ती ही उंची आणि ठेंगणेपणा, गडद आणि फिकट, थांबलेले आणि सरकणारे यांच्या संबंधांत आहे. स्त्री त्या संबंधांना एक नाव देते, इतकेच.

पुढील काळात लेवितानने मनुष्याकृती जवळजवळ सोडून दिली. कधी दूरवरची होडी, कधी एखादी यात्रेकरू स्त्री, यापलीकडे माणूस त्याच्या चित्रांत क्वचित येतो. येते ती माणसाची खूण: पायवाट, लाकडी साकव, अर्धवट उघडे दार, दाराशी थांबलेला घोडा. संस्कृत काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर आलंबनविभाव काढून घेऊन केवळ उद्दीपनविभाव शिल्लक ठेवण्याचा हा प्रकार आहे. आपल्या परंपरेत निसर्ग बहुधा नायक-नायिकेच्या भावाला उद्दीपित करण्यासाठी येतो. येथे नायिका निघून गेली आहे आणि तिच्यासाठी मांडलेले सारे तसेच आहे. भावाचा आश्रय मग कोण, या प्रश्नाचे उत्तर चित्रासमोर उभ्या असलेल्या प्रेक्षकाला स्वतःमध्ये शोधावे लागते.

विद्यालयाचा अभ्यासक्रम संपला तेव्हा त्याला वरच्या श्रेणीची पदवी मिळाली नाही. १८८५ पासूनचे काही उन्हाळे त्याने बाबकिनो या मालमत्तेवर मुक्कामाला असलेल्या चेकॉव्ह कुटुंबाच्या सहवासात घालवले. तेथील थट्टामस्करी आणि लुटुपुटीच्या नाटकांची वर्णने चेकॉव्हच्या चरित्रांत विपुल आहेत. लेवितानला मधूनमधून येणारे खोल विषण्णतेचे झटकेही याच काळापासून नोंदले गेले. अंतोन चेकॉव्ह वैद्य होता, मित्रही होता. दोन्ही नात्यांनी तो या झटक्यांकडे पाहत असे. १८८८ ते १८९० या तीन उन्हाळ्यांत व्होल्गाकाठच्या प्ल्योस या लहानशा गावी लेवितानने चित्रकर्ती सोफिया कुव्शिन्निकोवा हिच्यासह काम केले. ‘संध्याकाळ : सोनेरी प्ल्योस’ आणि ‘पावसानंतर : प्ल्योस’ (दोन्ही १८८९) या चित्रांनी त्याचे नाव झाले. १८९१ मध्ये फिरती प्रदर्शने भरवणाऱ्या चित्रकारांच्या प्रसिद्ध संघाचा तो सदस्य झाला.

१८९० मध्ये तो पहिल्यांदा परदेशी गेला. फ्रान्समध्ये त्याने बार्बिझाँ परंपरेची चित्रे पाहिली, तसेच दृक्प्रत्ययवाद्यांचीही. दृक्प्रत्ययवादाचे नाव १८७४ च्या पॅरिसमधील प्रदर्शनापासून रूढ झाले होते आणि १८९० पर्यंत तो बंडखोर राहिलेला नव्हता. लेवितानला दृक्प्रत्ययवादी म्हणावे की नाही, हा वाद निष्फळ आहे; या शैलीशी त्याचे नाते किती आणि कोठवर, हे पाहणे फलदायी ठरेल. सुटे, जाड, एकमेकांत न मिसळलेले फटकारे, सावलीतही जिवंत राहणारा रंग, बाहेरच्या उजेडातले काम, ही सामग्री त्याने घेतली. मोनेने १८९० च्या सुमारास गवताच्या गंजींची आणि पॉप्लर वृक्षांची मालिका रंगवली, तेव्हा एकाच वस्तूवर उजेड कसा पालटतो हा त्याचा विषय होता. वस्तू निमित्तमात्र होती. लेवितानला क्षण हवा असतो, पण तो ठराविक जागेचा आणि ठराविक ऋतूचा. जागेवर केलेली लहान अभ्यासचित्रे घेऊन तो चित्रशाळेत परते आणि मोठे चित्र बऱ्याच अंशी स्मरणातून उभे करी. डोळ्याला झालेला प्रत्यय आणि मनात उरलेली आठवण यांच्यामधले अंतर त्याच्या चित्रांत शिल्लक राहते. भाववृत्ती म्हणून जे जाणवते ते पुष्कळदा हे अंतरच असते.

१८९२ हे वर्ष त्याच्या आयुष्यात अनेक अंगांनी कठीण गेले. ज्यूंना मॉस्कोतून घालवून देण्याच्या नव्या मोहिमेत, नामवंत चित्रकार असूनही, त्याला शहर सोडावे लागले. मित्रांच्या खटपटीने वर्षअखेरीस परतण्याची परवानगी मिळाली. या काळातच ‘व्लादिमिर्का’ हे चित्र झाले. सपाट माळरान, वर ढगांनी भरलेले आकाश, आणि मधोमध क्षितिजापर्यंत गेलेला मातीचा रुंद रस्ता. त्याच्या कडेने पायांनी तुडवून झालेल्या पाऊलवाटा. हा रस्ता सैबेरियाकडे जाणारा होता आणि बेड्या घातलेल्या कैद्यांचे तांडे कित्येक दशके याच वाटेने पायी नेले गेले होते. येथे प्रतीक आहे यात शंका नाही. ते शीर्षकात आहे आणि इतिहासात आहे. नाव काढून घेतले तर उरतो एक लांब रस्ता. तो रस्ता मात्र कसा रंगवला आहे, वळण न घेता, सावलीचे एकही झाड न देता, हे नाव नसतानाही पायांना जाणवते. प्रतीक आणि भाववृत्ती यांतील फरक समजावून देण्यासाठी वर्गात या चित्राइतके उपयुक्त दुसरे उदाहरण सापडणे कठीण. प्रतीक उलगडण्यासाठी माहिती लागते. भाववृत्ती माहितीच्या आधीच पोचलेली असते. हे चित्र लेवितानने १८९४ मध्ये त्रेत्याकोव्हला भेट दिले.

त्याच १८९२ च्या आरंभी चेकॉव्हची ‘पोप्रीगून्या’ ही कथा प्रसिद्ध झाली. बागडत राहणारी चंचल बाई असा काहीसा शीर्षकाचा अर्थ. कथेतील नायिका आणि तिचा निसर्गचित्रकार प्रियकर यांत कुव्शिन्निकोवा आणि लेवितान यांची ओळख पटण्याजोगी होती. लेवितानने द्वंद्वयुद्धाची भाषा केली आणि त्यातून निर्माण झालेला दुरावा १८९५ पर्यंत टिकला. चेकॉव्हने काय केले हे नीट पाहण्यासारखे आहे. त्याने चित्रकाराची व्होल्गा घेतली, उदास मनःस्थिती घेतली, प्रेमप्रकरण घेतले; चित्रे तेवढी घेतली नाहीत. कथेतला चित्रकार म्हणूनच लेवितान नव्हे, आणि कथेच्या आधारे लेवितानची चित्रे वाचणाऱ्यांची फसगत होते तीही याच कारणाने.

चरित्राच्या बाजूने उभे राहणारे सर्वांत बळकट उदाहरण म्हणजे १८९४ चे ‘चिरशांतीच्या वर’ हे भव्य चित्र. उदोम्ल्या सरोवराच्या परिसरातील अफाट पाणी आणि आकाश. कोपऱ्यात वाऱ्यावर निघालेल्या टोकासारखा जमिनीचा एक तुकडा, त्यावर लाकडी चर्च आणि झुकलेले क्रूस असलेले दफनस्थान. या चित्रात आपण सर्वस्वी, आपल्या अंतरंगासह उतरलो आहोत असे त्याने त्रेत्याकोव्हला कळवले होते. चित्रकारानेच असे सांगितल्यावर चरित्रनिष्ठ समीक्षेचे समाधान होणे स्वाभाविक आहे. तथापि हे चर्च उदोम्ल्याचे नाही. ते प्ल्योस येथील जुन्या लाकडी चर्चवरून घेतलेले आहे. दोन ठिकाणे, दोन काळ यांची सांधणी करून हे दृश्य रचले आहे. अंतरंग ओतणे म्हणजे अनावर उमाळा, असे मानण्याचे कारण नाही. ते येथे रचनेच्या, निवडीच्या आणि नकाराच्या मार्गाने आले आहे.

याच परिसरात १८९४ च्या उन्हाळ्यात त्याची ओळख गोर्का या मालमत्तेवर राहणाऱ्या आन्ना तुर्चानिनोवा हिच्याशी झाली आणि कुव्शिन्निकोवाशी असलेले नाते तुटले. जानेवारी १८९५ मध्ये लेखिका तात्याना श्चेप्किना-कुपेर्निक हिने त्याला मेलिखोवो येथे चेकॉव्हच्या घरी नेले आणि दोन मित्रांतील अबोला संपला. वसंताच्या आरंभी गोर्का येथे ‘मार्च’ हे उन्हाने भरलेले चित्र झाले. जूनमध्ये त्याच ठिकाणी त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. जखम डोक्याला झाली, जीव वाचला. जुलैत चेकॉव्ह तेथे जाऊन काही दिवस राहिला. त्या वर्षाच्या उत्तरार्धात लिहिल्या गेलेल्या ‘सीगल’ या नाटकातील त्रेप्लेव्हच्या पहिल्या, फसलेल्या आत्महत्येशी या घटनेचा संबंध अभ्यासक जोडत आले आहेत. या घटनेनंतर अवघ्या काही महिन्यांत, त्याच गोर्का परिसरात, ‘सोनेरी पानगळ’ आकाराला आली.

आयुष्य आणि चित्र यांत सरळ नाते असते, तर हे चित्र काळोखे व्हायला हवे होते. ते तसे नाही. साधारण सव्वा मीटर रुंदीच्या या आडव्या चित्रात स्येझा ही लहान नदी समोरून निघून दूर वळत जाते. डाव्या काठावर भूर्जवृक्षांची पिवळीधमक राई. तिच्या पुढे दोन ॲस्पेनची झाडे, ज्यांवर मोजकी तांबूस पाने उरली आहेत. उजव्या काठावर रोडावलेली एकटी भूर्जे आणि तांबूस झुडुपे. पलीकडे शेते, काही घरे, रानाची पट्टी, आणि वर पांढऱ्या ढगांचे निळे आकाश. पिवळा आणि निळा हे दोनच आवाज चित्रभर एकमेकांना उत्तर देत राहतात. जमीन उबदार आहे. नदी मात्र थंड, आणि जवळच्या भागात जवळजवळ शाईसारखी गडद. डोळा प्रथम राईवर थांबतो, पण स्थिरावू शकत नाही. पाणी त्याला उचलून दूर नेते, आणि दूर पोचल्यावर त्याला भेटतो एक अनपेक्षित हिरवा पट्टा.

हा हिरवा पट्टा म्हणजे हिवाळ्यापूर्वी पेरलेल्या धान्याची कोवळी उगवण. रशियात राय हे धान्य पानगळीच्या आरंभी पेरतात, ते बर्फाखाली हिवाळा काढते आणि पुढल्या उन्हाळ्यात कापणीला येते. म्हणजे ज्या ऋतूला ऱ्हासाचे प्रतीक मानायचे, त्याच ऋतूत पेरणी झालेली आहे आणि चित्रकाराने ती दृष्टीच्या प्रवासाच्या अखेरीस ठेवली आहे. याला पुनर्जन्माचे प्रतीक ठरवण्याचा मोह होईल, पण तोही आवरायला हवा. उगवण तेथे आहे कारण शेतकऱ्याने पेरली आहे. पिवळा आहे, निळा आहे, तसा हिरवाही आहे. ऱ्हासाचा एकच अर्थ चित्रावर लादला तर या पट्ट्याचे काय करायचे ते वाचकाला कळत नाही, आणि चित्राच्या अर्थनिर्णयाची कसोटी नेमकी अशाच तपशिलावर लागते. सोव्हिएत काळातील विवेचनांनी या चित्राला मातृभूमीवरील प्रसन्न प्रेमाचे प्रतीक केले. त्यांना अडचण आली ती नदीच्या गडद पाण्याची आणि पानांना मुकत चाललेल्या ॲस्पेनची. आशावादी आणि निराशावादी, दोन्ही वाचने चित्राचा एकेक भाग झाकून मगच पूर्ण होतात.

मराठी वाचकापुढे आणखी एक अडचण आहे आणि ती भाषेची आहे. रशियन ऋतुनामाचे भाषांतर ‘शरद’ असे केले जाते. आपला शरद म्हणजे निवळलेले पाणी, धुतलेले आकाश, कोजागरीचे चांदणे. कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’तही शरद येतो तो नववधूच्या रूपाने. पाने गळतात ती शिशिरात. आणि पिवळ्याधमक झाडाची प्रतिमा मराठी मनात उमटते ती बहाव्याची, म्हणजे ऐन उन्हाळ्यात फुललेल्या झाडाची. एकच रंग एका संस्कृतीत निरोपाचा आणि दुसरीत बहराचा ठरतो, तेव्हा प्रतीकांचा सार्वत्रिक कोश करणे किती धोक्याचे आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. गंमत अशी की या चित्रात शरदाची निवळ आणि शिशिराची गळ एकत्र नांदतात, आणि रशियन पानगळीच्या त्या थोड्या उजळ दिवसांचे खरे वैशिष्ट्य तेच आहे. बालकवींच्या ‘औदुंबर’ या आठ ओळींच्या कवितेतील अखेरची प्रतिमा कशाचे प्रतीक, यावर मराठी समीक्षेत जो दीर्घ वाद झाला, तो येथे आठवणे अप्रस्तुत होणार नाही. त्या वादातही झाडाला एक अर्थ बहाल करण्याची घाई ज्यांनी केली, त्यांच्या हातून आधीच्या ओळींतले हिरवे, निळे आणि पांढरे रंग निसटले.

चित्र कसे पाहावे याचे उत्तम उदाहरण चेकॉव्हनेच, ‘पोप्रीगून्या’तील अपराधाची जणू भरपाई म्हणून, दिले आहे. १८९५ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या ‘तीन वर्षे’ या दीर्घकथेत यूलिया ही चित्रकलेत फारसे गम्य नसलेली तरुण स्त्री प्रदर्शनातील एका लहान निसर्गचित्रासमोर थबकते. ओढा, त्यावरचा लाकडी साकव, गवतात हरवणारी पायवाट, रानाचा तुकडा, शेकोटी, आणि संध्याकाळची शेवटची लाली. ती कल्पनेने साकवावरून चालू लागते. हे सारे आपण पूर्वी, पुष्कळदा पाहिले आहे अशी जाणीव तिला होते, आणि त्या लालीत काहीतरी अपार्थिव, शाश्वत असल्याचे भासते. कशाचे प्रतीक काय, हा प्रश्न तिला पडत नाही. घरी परतल्यावर भिंतींवरची सोनेरी चौकटींतली मोठमोठी चित्रे तिला नकोशी होतात, हा या अनुभवाचा परिणाम. कथेतील चित्र काल्पनिक आहे. त्यामागे लेवितान आहे हे रशियन वाचकांनी सहज ओळखले. चेकॉव्हने येथे आस्वादाची पायरी नेमकी पकडली आहे: प्रथम चित्रात शिरणे, मग स्वतःची आठवण जागी होणे, आणि अर्थ असलाच तर त्यानंतर.

‘सोनेरी पानगळ’ १८९६ मध्ये फिरत्या प्रदर्शनात मांडली गेली आणि त्रेत्याकोव्हने ती संग्रहासाठी घेतली. पानगळीची चित्रे लेवितानने शंभराच्या आसपास काढली असे मानले जाते. त्यांतली बहुसंख्य राखाडी, ओली, मंद सुरातली आहेत. हे उजळ चित्र त्यांच्या रांगेत काहीसे परके वाटते. रशियन वाचकाने ऋतूचे प्रातिनिधिक चित्र म्हणून नेमके तेच निवडावे, हा आस्वादाच्या इतिहासातला एक लक्षणीय योग आहे. आणखी एक विसंगती अधिक बोचरी आहे. ज्याला राजधानीच्या दर्जाच्या शहरातून दोनदा बाहेर काढण्यात आले, त्या माणसाच्या डोळ्यांनी रशियन लोक आपली भूमी पाहायला शिकले. त्याने धर्म बदलला नाही आणि या अपमानाविषयी चित्रांतून तक्रारही केली नाही.

१८९६ नंतर हृदयविकार बळावत गेला. १८९८ मध्ये त्याला अकादमीची मान्यता मिळाली आणि ज्या विद्यालयाने वरची पदवी नाकारली होती, तेथेच निसर्गचित्राच्या वर्गाचा प्रमुख म्हणून तो रुजू झाला. कुंड्यांतून झाडेझुडपे आणून त्याने वर्गातच रानाचा कोपरा उभा केला. १८९९ च्या अखेरीस तो याल्ताला, क्षयाने आजारी असलेल्या चेकॉव्हकडे गेला आणि तेथे एका पुठ्ठ्यावर चांदण्या रात्रीतल्या गवताच्या गंजी रंगवल्या. तो पुठ्ठा चेकॉव्हच्या खोलीतील शेकोटीच्या कोनाड्यात बसवण्यात आला. ४ ऑगस्ट १९०० रोजी, चाळीस वर्षे पुरी होण्याआधी, मॉस्कोत त्याचे निधन झाले.

मागे सुमारे चाळीस अपुरी चित्रे आणि तीनशेच्या आसपास अभ्यासचित्रे राहिली. त्याला आलेली सारी पत्रे न वाचता जाळून टाकावीत अशी लेखी सूचनाही सापडली, आणि भावाने ती पाळली. चेकॉव्हची त्याला लिहिलेली पत्रे त्यात गेली, कुव्शिन्निकोवाची आणि तुर्चानिनोवाचीही गेली असणार. जून १८९५ चा उलगडा करू शकेल असा बहुतेक पुरावा अशा रीतीने नाहीसा झाला. अपुऱ्या चित्रांत ‘सरोवर’ हे सर्वांत मोठे. वाऱ्याने हललेले पाणी, त्यावर ढगांची सरकती प्रतिबिंबे, लव्हाळी, आणि दूरच्या काठावरील गावे व चर्च. त्याचे पाणी आणि आकाश बरेच पुढे गेले होते, जवळचा काठ व्हायचा होता. लेवितानला प्रथम मॉस्कोच्या ज्यू दफनभूमीत पुरण्यात आले. १९४१ मध्ये त्याचे अवशेष नोव्होदेविची येथे हलवण्यात आले, आणि तेथे त्याची कबर चेकॉव्हच्या कबरीजवळ आहे.